यादीला लागलेलं कुलूप

माझ्या धाकट्या बहिणीचं रक्त ओ निगेटिव्ह. हे आम्हाला तिच्या पहिल्या बाळंतपणात कळलं. माझं बी पॉझिटिव्ह. एका आईच्या पोटच्या, एका ताटात जेवलेल्या आम्ही दोघी, आणि वेळ पडली तर माझं रक्त तिला चालणार नाही म्हणे. मी दवाखान्यातल्या बाईंवरच डाफरले होते, ‘असं कसं चालणार नाही? सख्खी बहीण आहे मी तिची!’ तेव्हा रक्त द्यायची वेळ आली नाही, पण तो राग माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

त्या रागातूनच मी यादी करायला लागले. शिरूरला आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीला रक्तदान शिबिर व्हायचं. मी एका कॉलेजात क्लार्क, अक्षर बरं, म्हणून दात्यांचे फॉर्म भरायला मला बसवत. नाव, गाव, रक्तगट, फोन. पुढं शिवजयंतीच्या शिबिरालाही मी न बोलावता जाऊन बसायला लागले. तिथले आबा पहिल्या वर्षी जरा चमकून बघायचे, दुसऱ्या वर्षी चहा पाठवायला लागले. न्हावरे, मांडवगण, शिक्रापूर, पार दौंडपर्यंतची माणसं माझ्या यादीत आली. घरी कॉम्प्युटर घेतल्यावर सगळी यादी त्यात टाइप केली आणि फॉर्मचे गठ्ठे रद्दीवाल्याला दिले. कॉम्प्युटरात आलं की कागद कशाला सांभाळायचा, असं माझं त्या वेळी ठाम मत होतं.

खरं सांगायचं तर त्या यादीनं मला मोठं केलं. दुपारी ऑफिसात फोन यायचा, ‘ताई, ए निगेटिव्ह पाहिजे, अर्जंट हाय.’ मी संध्याकाळी घरी जाऊन नंबर काढायचे, फोन लावायचे, माणूस हलवायचे. लोक रस्त्यात थांबून हात जोडायचे. कुणी म्हणालं, ‘ताई, एक प्रिंट आमच्याकडंबी ठेवा,’ की मी म्हणायचे, ‘लागलं की फोन करा ना, मी हाय की.’ लोकांचे नंबर असे वाटायचे नसतात, असं कारण द्यायचे. कारण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मला फोन आलेला आवडायचा.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. बहिणीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. ती दौंडला दिलेली, नवरा रेल्वेत. नवव्या महिन्यात सोनोग्राफीत कळलं की वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे. सिझेरियन करावं लागणार आणि रक्त भरपूर जाऊ शकतं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, ‘ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या आधी तयार पाहिजेत. बारामतीच्या रक्तपेढीत या गटाचं रक्त शिल्लक नाही, मी विचारलंय. दाते तुम्हाला आणावे लागतील. खात्री असेल तर शुक्रवारी इथंच करू. नसेल तर आजच पुण्याला हलवा.’

मेव्हणे माझ्याकडं बघायला लागले. बहीणही. मी म्हटलं, ‘खात्री आहे. माझ्या यादीत बावीस जण आहेत.’ बावीस हा आकडा मी ज्या तोऱ्यात सांगितला, तो आठवला की आजही माझे कान गरम होतात.

तो शनिवार होता. रविवारी मी शिरूरला घरी आले. फोन करायला बसायचंच होतं, पण आधी एक दुसरंच काम काढलं. त्या वर्षीच्या जयंतीला मंडळानं माझा सत्कार केला होता, शाल-श्रीफळ देऊन. त्याचे फोटो एका पेन ड्राइव्हवर घरोघर फिरत होते, आणि तो फिरत फिरत आमच्याकडं आला होता. म्हटलं, पाच मिनिटं बघावं आपण कसे दिसतो ते.

पेन ड्राइव्ह लावला. आत एक पिवळं फोल्डर, नाव जयंती फोटो. त्यावर दोनदा क्लिक केलं, उघडेना. परत केलं, उघडेना. मला कुठला धीर! चार-पाच वेळा बडवलं. ते फोल्डर नव्हतंच, फोल्डरचं चित्र चिकटवलेला प्रोग्रॅम होता. उघडेना म्हणून मी चिडत होते, आणि तो मात्र पहिल्याच फटक्याला आत जाऊन कामाला लागला होता. अँटिव्हायरस म्हणाल तर सारखा मधे मधे खिडक्या उघडून मशिन हळू करतो म्हणून मीच महिन्यापूर्वी बंद करून ठेवला होता. म्हणजे चोराला दार मीच उघडलं, आणि कुत्रं बांधून ठेवलं तेही मीच. तेवढ्यात लाइट गेली. तेव्हा लोडशेडिंग एवढं होतं की आम्ही चिडायचंही सोडून दिलं होतं.

सोमवारी ऑफिसातून आले, मशिन सुरू केलं आणि यादी उघडायला गेले. फाइलीचं नाव होतं तेच, पण शेवटी कसलीतरी इंग्रजी शेपटी लागलेली. उघडली तर नुसते चौकोन आणि किडेमुंग्या. मुलीच्या बारशाचे फोटो पाहिले, त्यांनाही शेपूट. नवऱ्याचे कागद, तेही तसेच. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक नवी चिठ्ठी. इंग्रजीत लिहिलं होतं, तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली आमच्याकडं आहे, विकत हवी असेल तर या ईमेलवर लिहा. स्वतः उघडायचा प्रयत्न केलात तर कायमच्या जातील.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवून आहे. माझी बहीण दवाखान्यात आहे, मला यादी आत्ता लागणार आहे, हे त्याला कसं कळलं? मी खरोखर ओढणी आणून मॉनिटरवर टाकली. हसू नका. ज्याला कधी बघितलं नाही असा माणूस आपल्या घरात हात घालून बसलाय, असं कळल्यावर काय करायचं असतं, ते कुणी शिकवलेलं नसतं.

नवरा सेकंड शिफ्टला होता. मी कुणालाच काही बोलले नाही. मेव्हण्यांचा फोन आला, ‘ताई, दाते कवा येतील?’ मी म्हटलं, ‘बोलणं चालू हाय.’ आवाज कसा खणखणीत! त्याच वेळी खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिला पुण्याला हलवलं असतं. एवढं साधं वाक्य होतं, यादी गेली म्हणून. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. बावीस म्हणाले होते ना मी.

मंगळवारी मी सायबर कॅफेत गेले आणि त्या चोराला पत्र लिहिलं. आता आयुष्यभर ऑफिसात अर्ज टाइप केलेली बाई मी, मला दुसरं काय येणार? वर लिहिलं, रिस्पेक्टेड सर. खाली विषय, फाइली उघडून मिळणेबाबत. मग नम्र विनंती, मग बहिणीच्या तब्येतीची हकीकत, मग ‘आपण सहानुभूतीपूर्वक विचार करावा’, आणि शेवटी आपली विश्वासू. जावक क्रमांक तेवढा टाकायचा राहिला. पाठवून तिथंच वाट बघत बसले, साहेब आत बोलावतील अशी.

उत्तर आलं, तेही लगेच. बहिणीबद्दल अवाक्षर नव्हतं. चिठ्ठीतलाच मजकूर परत, आणि डॉलर कसे पाठवायचे त्याच्या सूचना. मी ते वाचून तिथं रडले. रडू पैशाचं नव्हतं. डॉलर पाठवायचे कसे हे शिरूरात त्या वेळी कुणाला विचारणार? पण मला रडू आलं ते याचं, की तिकडं माणूसच नव्हता. मी पदर पसरला तो एका यंत्रापुढं.

बुधवारी सुट्टी टाकली आणि बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला घरी आणलं. त्यानं ओढणी बाजूला केली, चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. ‘व्हायरस हाय, ताई. फॉरमॅट मारू. दोन तासांत नवं कोरं.’ त्या काळात आमच्याकडं कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर हेच औषध होतं, सर्दी असो नाहीतर कावीळ, फॉरमॅट मारा.

‘आन् माझी यादी?’

‘ती गेलीच की. आता गेलेल्याचं काय धरून बसायचं?’

त्यानं सीडी आत सरकवली, आणि माझं डोकं फिरलं. मी भिंतीतली वायरच उपटली. तो ओरडला, मशिन जळंल म्हणाला. मी म्हटलं, ‘जळू दे, पन हात लावायचा न्हाई.’ तो गेल्यावर मात्र माझा सगळा आव उतरला. नवरा झोपेतून उठून दारात उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं, पेन ड्राइव्हपासून त्या अर्जापर्यंत. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, ‘आज बुधवार हाय,’ आणि चपला घालून फोन करायला गेला.

त्याच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणारा एक उत्तरेकडचा माणूस होता, शिक्रापुरात खोली घेऊन राहायचा. त्यानं फोनवर पहिलं वाक्य म्हटलं, ‘भाभी से बोलो, मशीन चालू मत करना. बिलकुल नहीं.’ आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो, मी मागं बसलेली, मांडीवर कॉम्प्युटरचा तो लोखंडी डबा, वर ओढणी गुंडाळलेली. रस्त्यावर ट्रकांची रांग. प्रत्येक खड्ड्याला मी डबा पोटाशी धरत होते.

त्यानं डबा उघडून आतली हार्ड डिस्क काढली आणि आपल्या मशिनला दुसरी डिस्क म्हणून जोडली. असं केलं की आमच्या डिस्कवरचा तो प्रोग्रॅम जागा होत नाही, म्हणाला. मग त्यानं मला समजावलं, आणि ते मला आजही जसंच्या तसं कळलेलं आहे. हा चोर मूळ फाइलीला कुलूप लावत नाही. तो तिची कुलूपबंद नक्कल करतो आणि मूळ फाइल पुसून टाकतो. पण पुसली म्हणजे लगेच नाहीशी होत नाही. एसटीत माणूस सीटवर बसलेला आहे, फक्त त्याचा रुमाल कुणीतरी उचललाय. जोवर दुसरा येऊन त्याला उठवत नाही तोवर तो तिथंच आहे. मशिन चालू ठेवलं की नवी माणसं चढतच राहतात.

‘कितना चलाया?’ त्यानं विचारलं.

सोमवारी संध्याकाळभर चालवलं होतं. सगळ्या फाइली उघडून उघडून बघितल्या होत्या. अर्जाचा मसुदाही मंगळवारी पहाटे त्याच मशिनवर टाइप केला होता, चार वेळा खोडून. बाकी वेळ लाइट नव्हती म्हणून मशिन बंद. म्हणजे जे काही वाचलं असेल ते लोडशेडिंगनं वाचवलं, आणि जे गेलं ते मी घालवलं. फॉरमॅट मारला असता तर मग गाडीच भंगारात गेली असती.

त्याचा प्रोग्रॅम डिस्क चाळायला लागला. चार तास लागले. फाइली मिळत होत्या, पण नावं गेलेली, नुसते आकडे. हजारो. त्यातल्या तक्त्यांच्या फाइली मी एकेक उघडत गेले. कॉलेजची जुनी हजेरी. नवऱ्याच्या पाळ्यांचा तक्ता. हळदीकुंकवाला बोलवायच्या बायका. बाहेर ट्रक हॉर्न मारत होते, नवरा दारात उभा राहून घड्याळ बघत होता, आणि मेव्हण्यांचा फोन वाजला की मी तो नवऱ्याकडं द्यायचे. मला एकच चित्र दिसत होतं, बहीण टेबलावर, डॉक्टर बाहेर येऊन विचारतायत, पिशव्या कुठंयत?

दिवस मावळायच्या आत एक फाइल उघडली आणि मी किंचाळलेच. माझीच यादी. पण खाली सरकवत गेले तर ती लवकर संपली. ती सहा वर्षांपूर्वीची होती, यादी नुकतीच सुरू केली तेव्हाची. आत्ताची, बावीसवाली, कुठंच सापडली नाही. तिच्या जागेवर दुसरं कुणीतरी बसलं होतं. बहुतेक माझा तो अर्जच.

जुन्या यादीत ओ निगेटिव्ह पाच. मी तिथूनच फोन लावायला लागले. पहिला नंबर बंद. दुसरा भलत्याचाच निघाला. तिसऱ्याची बायको म्हणाली, त्यांना आता साखर हाय, डॉक्टरांनी रक्त द्यायला बंदी केलीया. चौथा दुबईत. पाचवा मांडवगण फराट्याचा, आणि त्याच्या नावापुढं होता शेजाऱ्याचा नंबर. फोन उचलणाऱ्या म्हातारीला मी ओरडून ओरडून सांगितलं, त्यांना बोलवा. रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग कोंबड्या, मग कुणीतरी भांडी घासतंय. तो वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी एक पुरुषी आवाज आला, ‘बोला की.’

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘उद्या कांद्याची गाडी भरायची हाय.’ मग म्हणाला, ‘भरतील पोरं. कुठं यायचं?’

गुरुवारी नवऱ्यानं त्यांना मोटरसायकलवर बारामतीला नेलं, आणि संध्याकाळपर्यंत एक पिशवी थर्माकोलच्या डब्यातून दौंडला पोचली. एक. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘दुसरा दाता सकाळी येतोय.’ हे मी बोलले. शुद्धीत होते, आणि बोलले. कुठला दाता? कुणीच येणार नव्हतं. मी सकाळपर्यंत आणखी कुणीतरी सापडेल म्हणून जीव तोडून फोन करत राहिले, शिबिरवाल्या आबांना, मंडळाच्या पोरांना, ओळखीच्या प्रत्येकाला. ओ पॉझिटिव्ह पायलीचे पन्नास मिळाले. निगेटिव्ह एकही नाही.

शुक्रवारी तिला आत नेलं. मी बाहेर बाकावर. मेव्हणे पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘दुसरा माणूस निघाला का?’ आणि मी म्हणत होते, ‘वाटेत हाय.’ बाळ रडल्याचा आवाज आला. मेव्हण्यांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत, कारण त्यानंतर दार उघडेना. एक आया धावत बाहेर आली, धावत आत गेली. मग डॉक्टरांचा आवाज, ‘दुसरी लावा.’

मी उठले. आता ते बाहेर येणार, विचारणार, आणि मला सगळ्यांसमोर सांगावं लागणार की दुसरी नाहीच. मी बहिणीला मारलं, एवढाच शब्द डोक्यात होता.

कुणीच बाहेर आलं नाही. बऱ्याच वेळानं सिस्टर आल्या. वयस्क बाई, सगळी नोकरी दौंडातच केलेली. म्हणाल्या, ‘दोन्ही पिशव्या लागल्या. रक्त थांबलंय. बसा खाली.’

‘दुसरी कुठली?’ मी विचारलं.

त्यांनी मला बाजूला घेतलं. त्या दवाखान्यात मी सहा वर्षांत जेवढे दाते पाठवले होते, त्या प्रत्येकाचं नाव-गाव त्यांनी एका शंभरपानी वहीत उतरून ठेवलं होतं. ‘तुमच्याकडं दोनदा यादी मागितली, ताई. तुम्ही म्हणालात, फोन करा. मग म्या लिहीत गेले. काल तुमच्या तोंडाकडं बघितलं आन् कळलं, हिच्याकडं दुसरा न्हाई. रेल्वे कॉलनीतल्या एकाला कालच बारामतीला धाडला.’ त्या रागावून बोलल्या नाहीत. नाडी बघून सांगावी तसं सांगितलं. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या. प्रिंट काढून द्या आता एक.’

चौथ्या दिवशी बहीण उशीला टेकून बसली. चेहरा अजून पांढराफटक. बाळ माझ्या मांडीवर. मी सगळं सांगायचं ठरवूनच आले होते. तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

‘तुला एक गंमत सांगू, ताई? भूल द्यायच्या आधी डॉक्टर म्हणले, घाबरायचं न्हाई. मी म्हणलं, मी कशाला घाबरू? हे आन् सासूबाई म्हणत हुते, पुण्यालाच जाऊ. मीच न्हाई म्हणलं. म्हणलं, ताईकडं यादी हाय. होती ना सगळी बावीस माणसं तयार?’

ती माझ्याकडं बघून हसत होती.

‘होती की,’ मी म्हटलं, आणि बाळाचं दुपटं सारखं करत बसले.